चूलबंद गावात कुकरची शिट्टी

न्हाई न्हाई… कुकरचं नाव काढू नका माज्यापुढं. घरी बायकोनं कुकर ठेवला की मी उठून भाईर ओट्यावर जाऊन बसतो. ती म्हनती, "आवं, पाचशे मानसांची आमटी उकळती तवा त्या कढईला खेटून उभं ऱ्हाता, आन् ह्या एवढ्याशा कुकरला भेता?" आता तिला काय सांगू. कढई उकळती, पर बोलत न्हाई. कुकर बोलतो. जे मानसं तोंडानं सांगत न्हाईत ना, ते ह्यो शिट्टी मारून सांगतो, आन् आसं सांगतो, तुमाला सांगतो, की कानात बोळं घातलं तरी आइकू येतं. म्हनून आमच्या धंद्यात भाताला पातेलंच. फैयाजला इचारा.

फैयाज म्हंजी आमचा भातवाला. मी मोझेस, आचारी. राहुरीपासून कोपरगावपातूर कुठंबी इचारा, मोझेसची आमटी म्हनलं की लोक जिभळ्या चाटत पत्ता सांगत्यात. बावीस वरसं झाली. पुऱ्यांना पंकजाबाई, तिच्या हाताखाली सहा बाया, वाढपी, भांड्यावाल्या, सगळी धरून आमी चौदा जन. सुपारी मी घेतो… आवं घाबरू नका, कामाची सुपारी, आमच्यात काम ठरलं की सुपारीच म्हनत्यात. लग्न म्हना, बारसं म्हना, दहावा म्हना, निवडनुकीचा गुलाल म्हना. कोन मेलं, कोन निवडून आलं, आपल्याला काय त्याचं? मी आपला आचारी. आपलं काम शिजवायचं.

तर आप्पासाहेब. गावाचं नाव इचारू नका, पुणतांब्याच्या अंगाला, गोदावरीकाठचं एक गाव समजा. तीन एकर ऊस, दोन म्हशी, तोंडात साखर न्हाई पर कडू शबुदबी न्हाई, आसा मानूस. सकाळी सातला माज्या दारात आले, मोटरसायकल उभी केली, खाली उतरलेच न्हाईत, तसंच बसून म्हनले, "मोझेस, जेवन घालायचंय. चूलबंद."

आता तुमी म्हनाल चूलबंद म्हंजी काय. तुमी शेहरातली मानसं, तुमाला कारड येतं, त्याच्यावर 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेलं आसतं आन् तुमी एकटंच जाऊन फोटू काढून येता. आमच्याकडं आवतनात परकार हायेत. 'घरटी एक' म्हनलं की घरातला एक बाप्या. 'जोडप्यानं' म्हनलं की दोगं. आन् 'चूलबंद' म्हंजी त्या दिशी त्या घरात चूल पेटवायचीच न्हाई. म्हातारं, लेकरू, बाळंतीन, आलेला पाव्हना, माहेरपनाला आलेली लेक, तिचा नवरा, त्या चुलीवर जेवनारं जे कोन आसंल त्यानं उठून मांडवात यायचं. गावाचा मान आसतो त्याच्यात. आन् आचाऱ्याच्या डोक्याला ताप. कारन घरटी एकला घरं मोजायची, चूलबंदला पोटं मोजावी लागत्यात. एका पोटाला एक पान. दीडशे चुली, चुलीमागं पाच पानं, लेकराचं अर्ध पान, चार घरं पुन्याला गेलेली, एका घरात दोन सुना एकमेकींचं तोंड बघत न्हाईत म्हंजी त्यातली एकच यील… आसं करत करत मी आलो साडेसहाशे पानांवर.

म्हनलं, "आप्पासाहेब, कशाचं जेवन?"

म्हनले, "मोनिकाचं."

मोनिका म्हंजी त्यांची लेक. एकुलती एक. नर्स हाय, एका मोठ्या दवाखान्यात, आन् तिथंच लॅबमदी काम करनारा ह्यो जोएल. नावावरनं तुमाला कळलंच आसंल. आमच्यातला हाय. म्हंजी माज्या नात्यातला न्हाई, पर आइतवारी चर्चला जानारा. दोगांनी संगमनेरला रजिस्टर लग्न केलं, सह्या केल्या, फोटू काढला, आन् मंग घरी फोन केला. आप्पासाहेब पंधरा दिवस कुनाशी बोलले न्हाईत. बायकोशी न्हाई, शेजाऱ्याशी न्हाई. त्यांच्या घरच्या काकू सांगत हुत्या, म्हशीला सुद्धा 'हल्या' म्हनले न्हाईत, नुस्तं ढकलत हुते. सोळाव्या दिशी उठले, दाढी केली, आन् गाडी काढून माज्या दारात.

मी म्हनलं, "घरातल्या घरात करा की. नात्यातली पन्नास मानसं बोलवा. चूलबंद कशाला?"

तर त्यांनी गाडी बंद केली. तवर ती चालूच हुती. म्हनले, "मोझेस, गाव जेवलं म्हंजी गावानं मानलं. मंग दिवाळीला माजी पोरगी येष्टीतनं उतरंल, मारुतीपुढनं, मधल्या रस्त्यानं, मान वर करून घरी यील. गाव न्हाई जेवलं तर तिला वढ्याच्या अंगानं यावं लागंल, चोरासारखं. माजी लेक चोर न्हाई."

मी आपला आचारी. म्हनलं, बुंदी, पुरी, वांगी-बटाट्याची भाजी, भात आन् आमटी. म्हनले, "आमटी तुज्या हातची पाह्यजे." म्हनलं, मंग काय पायाची करतो का. तेवढं हसले बिचारे.

आवतन त्यांनी सोता दिलं. आजकाल मोबाईलवर कारड पाठवत्यात. त्यांनीबी पाठवलं, गावाच्या ग्रुपवर, आन् शंभर जनांनी अंगठं दावले, चाळीस जनांनी हात जोडले, एकानं चुकून रडका चेहरा टाकला आन् मंग पुसला. पर तेवढ्यावर न थांबता हा मानूस हातात कुंकवाचा करंडा घेऊन दीडशे उंबरे फिरला. काकू संगं. आन् परत्येक उंबऱ्यावर काय उत्तर मिळालं म्हाईत हाय? "येतो की!" सोसायटीचे चेअरमन, अजिनाथभाऊ, त्यांनी तर खुर्ची दिली, च्या पाजला, आन् पोटावरनं हात फिरवत म्हनले, "आप्पासाहेब, तुमची पोरगी ती आमची पोरगी. न येऊन चालंल का? येतो की!" दीडशे 'येतो की'. मी त्या 'येतो की'वर साडेसहाशे पानांचा किराना भरला.

दिवस उजाडला. आमी आदल्या दिशीच बुंदी पाडून ठेवलेली, पहाटं चारला भट्ट्या पेटवल्या. मांडव घरापुढं, आमची भट्टी घरामागं, तुराट्यांच्या कुडाच्या आडोशाला. कुडापलीकडं गल्ली. साडेधा वाजले आसतील, आमटीचा मसाला मी परतत हुतो, खोबरं, कांदा, लसूण… आन् मला नाकात लसनाचा दुसराच वास आला. बावीस वरसं हे नाक ह्या धंद्यात हाय. माज्या कढईतला लसूण मला कळतो. ह्यो माजा नव्हता. ह्यो कच्च्या तेलात घाईघाईनं टाकलेला लसूण हुता. म्हनलं, "फैयाज, फोडनी कुनी टाकली रं?" म्हनला, "दादा, आपली कढई तर तुमच्यापुढंच हाय की."

तेवढ्यात कुडापलीकडनं… शिट्टी.

एकच. मी कढईतला डाव थांबवला. पंकजाबाईची पुरी लाटायची थांबली. मंग मीच म्हनलं, "आसंल कुनाचं लेकरू आजारी. खिचडी ठेवली आसंल." पंकजाबाई म्हनली, "व्हय की, लेकरू आसंल." पुरी परत लाटायला लागली. दोन मिंटं गेली न्हाईत, तर वरच्या आळीतनं दुसरी. म्हनलं, "ती बाळंतीन हाय तिकडं, तिला तिखट चालत न्हाई." तिसरी झाली. म्हनलं, म्हातारं आसंल, दात नसत्यात. चौथी, पाचवी… आता गावात एवढी लेकरं, एवढ्या बाळंतिनी आन् एवढी बिनदाताची म्हातारी एकाच दिशी कुठनं आनू? आन् आवो, मेथीची फोडनी येती, वांगं भाजल्याचा वास येतो. बाळंतीन काय वांग्याचं भरीत खाती का?

पंकजाबाई हळूच म्हनली, "दादा, चूलबंद हाय ना गाव?"

मी म्हनलं, "पुऱ्या लाट."

तुमाला सांगतो, पूर्वी बरं हुतं. पूर्वी धूर निघायचा, तेवढं मान वळवली की दिसत न्हाई. आता घरोघरी ग्यास, धूर न्हाई, मंग मानसाला वाटतं आपन गुपचूप रांधू, कोन बघतंय. आन् हे बेनं कुकर, घरात बसून गल्लीला वरडून सांगतंय, आमी न्हाई येत, आमी न्हाई येत!

आन् मला, खरं सांगतो, राग त्याचा न्हाई आला. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ह्याच चेअरमनच्या बापाचा दहावा मी केला. तिसरी पंगत उठली तरी लोक आमटीच्या वाट्या पुढं करत हुते. त्याच्या पुतनीचं लग्न मी केलं. तवा मी मोझेसच हुतो की, काय मारुतराव नव्हतो. रविवारी चर्चला जातो म्हनून सुपारी रविवारी घेत न्हाई, हे सुद्धा सगळ्या गावाला ठावं हाय. माज्या हातची आमटी चालती, भुरके मारमारून चालती. माज्यासारखा जावई चालत न्हाई. आमटी करताना मी कोन दुसरा आसतो का? त्या दिशी पयल्यांदा त्या कढईपुढं माज्या डोळ्याला पानी आलं. कांदा म्हनून सांगायची सोय हाय आमच्या धंद्यात, तेवढं एक बरं हाय.

तेवढ्यात आप्पासाहेब आले मागं. नवा फेटा, इस्तरीचा सदरा, गळ्यात उपरनं. कढईत डोकावले. म्हनले, "मोझेस, पुरंल ना रं? कमी नको पडाया."

बावीस वरसं मला हाच सवाल इचारत्यात, आन् दर बारीला काळीज धडधडतं, की पुरंल का. त्या दिशी धडधडलं ते उरंल म्हनून. मी म्हनलं, "पुरंल." तेवढ्यात कुडाच्या पल्याड फुस्स करून शिट्टी झाली. त्यांनी आइकली. मी आइकली. मंग त्यांनी फेटा नीट केला, उगंच, नीटच हुता तो, आन् म्हनले, "मोनिकाला सांगू नको."

म्हनलं, न्हाई सांगत.

ते गेले आन् पाचच मिंटांत मोनिका आली. हिरवी पैठनी, हातात चुडा, तोंडावरनं नुस्तं कौतिक सांडत हुतं. म्हनली, "मोझेसकाका, मी वाढनार हाय हां बुंदी. गावातल्या सगळ्या बायांना मी वाढनार. लोक कवा येनार?" म्हनलं, येत्यात की, अजून टाईम हाय. ती बुंदीचं घमेलं उचलाया वाकली आन् शिट्टी. एक न्हाई, तीन, वळीनं. ती वाकलेली तशीच ऱ्हाईली. नर्स हाय वो ती. तिला कुनी काय सांगावं लागत न्हाई. उठली, पदर खोचला, आन् म्हनली, "काका… पप्पांना सांगू नका."

आता मला सांगा. बाप म्हनतो पोरीला सांगू नको, पोरगी म्हनती पप्पांना सांगू नका, आन् कुकर सगळ्यांना सांगतोय. मधी मी. डाव हातात घेऊन. मी काय करनार? मी आपला आचारी. आपलं काम शिजवायचं.

बारा वाजले. जोएलच्या घरच्या दोन क्रूझर गाड्या आल्या, बावीस मानसं. सोता जोएल, त्याची आई रूथबाई, बाप, काका, माम्या, दोन लेकरं. मांडवात दोनशे मानसं एका टायमाला बसतील आशा पट्ट्या हातरलेल्या, चार वळी, परत्येक पानापुढं पान्याचा गिलास भरून ठेवलेला. ही बावीस जनं एका कोपऱ्यात बसली. बसताना सुद्धा आवघडून, जनू दुसऱ्याची जागा घेतली. रूथबाई आप्पासाहेबांना म्हनल्या, "गाव येऊ द्या, आमी थांबतो." आप्पासाहेब म्हनले, "गाव… गाव येतंय. तुमी सुरू करा." साडेबारा झाले. आप्पासाहेब मांडवाच्या तोंडाशी हात जोडून उभे. रस्त्यानं एक मोटरसायकल गेली, त्याला हात जोडले. एक कुत्रं आलं, त्याला हाकललं न्हाई. काकू आत गेल्या त्या भाईर आल्याच न्हाईत. मोनिका घमेलं घेऊन बावीस मानसांना तिसऱ्यांदा बुंदी वाढत हुती आन् ती मानसं बिचारी खात हुती, न्हाई कोन म्हननार.

मला न्हाई बघवलं. आन् मंग मी ती चूक केली. तुमाला सांगतो, चांगल्या मनानं केलेली चूक ही लई वंगाळ. वाईट मनानं केली तर निदान झोप लागती.

आमचा वस्ताद बाबाजान. नगरचा. त्याच्या हाताखाली मी कांदा चिरायला शिकलो. त्याचं एक सांगनं हुतं, "मोझेस, पंगत उठंपातूर आचाऱ्यानं बसायचं न्हाई. भूक लागली तर पानी पी, चक्कर आली तर खांबाला टेक, पर बसू नको." का, म्हनून इचारलं तर म्हनायचा, आचारी बसला म्हंजी काम उरकलं. गावाकडं ही निशानी हाय. लांबून बघनाऱ्याला आचारी जेवताना दिसला की तो समजतो, संपलं, आता जायचं न्हाई. बावीस वरसं मी हे पाळलं. आमी चौदा जन दुपारी चारला, भांडी पालथी घातल्यावर, भट्टीमागं उकिडवं बसून गारढोन खातो, आन् त्याचं काय वाटत न्हाई.

त्या दिशी मी डाव ठेवला. म्हनलं, "हात धुवा. सगळी पंगतीत बसा."

फैयाज म्हनला, "दादा, वस्तादनं काय सांगितलंय?" म्हनलं, वस्ताद ग्येला, त्यो काय बघाया येत न्हाई. बस. पंकजाबाई म्हनली, "आवो, माजं लुगडं बघा, पिठानं भरलंय." म्हनलं, बस. सहा बाया, वाढपी, भांड्यावाल्या, सगळी चौदा डोकी मांडवात घातली, आन् मुद्दाम लांबलांब बसवली, वळ भरलेली दिसावी म्हनून. पोरीचं तोंड आसं उजळलं म्हनता! पळत आली, मला बुंदी वाढली, म्हनली, "काका, तुमी पयलं गावकरी." आप्पासाहेबांनी सोता आमटी वाढली मला. माज्याच कढईतली. पयला घास घेतला.

आन् तवाच, तुमाला सांगतो, तवाच… मांडवाच्या तोंडाशी मानसं दिसली.

गावातली. बायाबी हुत्या, पदर सावरत, आडखळत. येकमेकींच्या मागं लपत. म्हंजी धीर करून निघाली हुती वो ती. शिट्ट्या आइकून, शेजाऱ्याची नजर चुकवून, येळ लावून का हुईना, निघाली हुती. त्यांनी मांडवात नजर टाकली. आन् त्यांना काय दिसलं? मोझेस आचारी मांडी घालून जेवतोय. बाजूला भातवाला जेवतोय. पुऱ्यावाली जेवती. एक बाई दुसरीला म्हनली, मला सपष्ट आइकू आलं, "आगं, आचारी बसलं. उरकलं वाटतं."

आन् सगळी वळली.

मी उठलो. पान तसंच, हात खरकटा. पट्टीत पाय आडकून गिलास सांडला, तसाच पळालो. "आवो, या, या! उरकलं न्हाई, पंगत हाय अजून!" गल्लीतनं मी पळतोय, कमरेला फडकं, हाताला आमटी, आन् मला बघून ती मानसं आजून भराभर चालाया लागली. त्यांना वाटलं ह्यो आचारी भांडाया आला! एका दारात गेली, कडी लागली. दुसऱ्या दारात गेली, कडी लागली. मी गल्लीत उभा, आन् चारी बाजूनं शिट्ट्या. कोन हुती, किती हुती, म्हाईत न्हाई. फैयाज म्हनतो पाच-सात. पंकजाबाई म्हनती पंधराएक तरी आसतील. पंधरा आली आसती तर त्यांच्या मागं पन्नास आली नसती का? सांगा की. आजून मला ते कळत न्हाई. मला आजून वाटतं, मी बसलो नसतो तर ती पोरगी मधल्या रस्त्यानं घरी आली आसती.

परत फिरलो. तर मारुतीच्या वट्ट्यापाशी ठकूआजी बसलेली. पंच्याऐंशीची आसंल, काठी, एका डोळ्याला दिसत न्हाई. धाप लागलेली. म्हनली, "का रं, आचाऱ्या, उरकलं म्हनं?"

म्हनलं, "न्हाई आजी. पंगत बसलीय."

म्हनली, "मंग त्या मेल्या पोरी का वळल्या? मला म्हनल्या उरकलं, घरी जा. आता घरी जाऊन मी काय खाऊ? सकाळधरनं चूल पेटवली न्हाई. चूलबंद व्हतं ना?"

तुमाला सांगतो, दीडशे चुलींतली ती एक चूल. एका मानसाची. मी तिला हाताला धरून आनली. मांडवात आली, जोएलच्या बाजूला बसली. त्याच्या तोंडाकडं जवळ जाऊन बघितलं त्या एका डोळ्यानं, म्हनली, "जावई व्हय? बारीक हाय. खा." मोनिकानं तिला वाढलं, आन् वाढता वाढता तिथंच बसली, म्हातारीच्या पाठीमागं, आन् इतका टाईम दाबून धरलेलं सगळं म्हातारीच्या खांद्यावर रडली. म्हातारीनं जेवन थांबवलं न्हाई. डाव्या हातानं तिचं डोकं थोपटलं आन् उजव्या हातानं भात कालवत ऱ्हाईली. आप्पासाहेब तोंड फिरवून मांडवाचा खांब बघत हुते.

मंग दुपार कलली. मी भट्टीपाशी आलो तर कढईत पाचशेच्यावर मानसांची आमटी, तशीच. आन् कुडाला हालचाल. एक बाई, डोक्यावर पदर, हातात डबा. "दादा, लेकरू आइकंना. तेवढी बुंदी द्या थोडी." मी म्हनलं, मांडव पुढल्या अंगाला हाय. तिनं डबा तसाच पुढं धरला. तिच्यामागं दुसरी, किटली घेऊन. "वास सुटलाय सगळ्या गावात… आमटी आसंल तर…" सात-आठ जमल्या. माजं डोकं आसं तापलं की म्हनलं ही कढई गटारात वततो, पर देत न्हाई. डाव उचलला. तर मागनं आप्पासाहेब म्हनले, "भर मोझेस. त्यांच्या हातात आसतं तर त्या पुढनं आल्या आसत्या." आता मालक म्हनतो भर. मी आपला आचारी. भरलं. मागनं आजून बाया येत गेल्या, डबे भरले, किटल्या भरल्या. बाया गेल्या वढ्याच्या अंगानं. ज्या वाटंनं ती पोरगी येऊ नये म्हनून हा खटाटोप केला ना, त्याच वाटंनं गेलं सगळं जेवन गावात.

आन् सगळ्यात शेवटी कोन यावं? चेअरमन. अजिनाथभाऊ. ते वढ्यानं न्हाई आले, त्यांना तसं चालायची सवय न्हाई. गाडीनं आले, पुढनं. आप्पासाहेबांना मिठी मारली. "आप्पासाहेब, काय सांगू, ऐन टायमाला कारखान्यावर मीटिंग निघाली. लई वाईट वाटलं. पर कारेक्रम लई झकास झाला म्हनं, गावात आमटीचं नाव निघालंय." नाव निघनारच की, किटली किटलीनं गेलीय. मंग माज्याकडं वळले. "मोझेस, आमच्या पोराचं लग्न हाय, पुढल्या महिन्यात सोळा तारखेला. तूच यायचं. आमटी हीच पाह्यजे. गाव चूलबंद ठेवनार हाय." आन् तिथंच, उभ्या उभ्या, आप्पासाहेबांना म्हनले, "तुमालाबी आवतन हाय बरं का. चूलबंद. यायचं."

आन् आप्पासाहेब काय म्हनले म्हाईत हाय? म्हनले, "येतो की."

गाडी गेली. मी भांडी टेम्पोत चढवत हुतो. म्हनलं, "आप्पासाहेब, मी ही सुपारी घेत न्हाई. मला न्हाई जमायचं त्या मांडवात."

ते फेटा सोडून त्याची घडी घालत बसले हुते. म्हनले, "घे."

म्हनलं, "का घेऊ? तुमी तरी जानार हाय का? का त्यांच्यासारखंच 'येतो की'?"

म्हनले, "मी जानार हाय. चूल बंद ठेवून जानार हाय." घडी नीट झाली, मांडीवर ठेवली. "मोनिकाला आन् जावयाला आदल्या दिशी घरी बोलवून घेतो. माज्या चुलीवर जेवनारी सगळी त्याच्या पंगतीत बसनार, पयल्या वळीत. चूलबंद त्यो म्हनलाय, मी न्हाई. तू तेवढी आमटी नीट कर."

आता सोळा तारीख परवावर आलीय. त्यो मांडव, ती पयली वळ, आन् ते चेअरमन… काय हुनार हाय, मला ठावं न्हाई, आन् तुमाला सोडून मी कुनाला बोललोबी न्हाई. चेअरमननं बाराशे पानं सांगितलीत. मी आपला आचारी. मी गुपचूप बाराशे दोन धरलीत.